हार्डवेअरचे आयकॉन बदलत नाहीत, जुनेच दिसतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेन ड्राइव्ह काढून खिशात गेला तरी स्क्रीनवर तो आहेच. प्रिंटर समोर चालू आहे, आयकॉन मात्र फिकट आणि खाली ‘ऑफलाइन’. नेट व्यवस्थित चालतंय आणि कोपऱ्यात ‘नो इंटरनेट’चा पृथ्वीगोल. अशा तक्रारी करताना आपण सगळ्यांनाच ‘आयकॉन अपडेट होत नाही’ म्हणतो. पण यातला प्रत्येक आयकॉन विंडोजचा वेगळा भाग काढतो, आणि त्याला माहितीही वेगळीकडून मिळते. म्हणून आधी आयकॉन कोण काढतंय ते ओळखा, मग उपाय करा. खालची बहुतेक उत्तरं विंडोज १० आणि ११ साठी आहेत. मॅक आणि लिनक्सबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिलं आहे.

सगळ्यात आधी काय बघायचं?

उपकरण चालतंय का ते. प्रिंट निघते का, ड्राइव्हमधली फाइल उघडते का, आवाज येतो का. उपकरण चालत असेल तर बिघाड फक्त दाखवण्यात आहे आणि घाई करायचं कारण नाही. चालत नसेल तर आयकॉनच्या मागे लागू नका. केबल, पोर्ट, ड्रायव्हर (उपकरण विंडोजशी बोलतं ते सॉफ्टवेअर) याच क्रमाने बघा.

मग तक्रार नेमकी कुठली ते ठरवा. चित्र चुकीचं आहे (कॅमेऱ्याऐवजी साधा डबा), स्थिती चुकीची आहे (चालू असून बंद दाखवतो), की नसलेलं उपकरण दिसतंय? चित्राचा प्रश्न बहुधा कॅशेचा (साठवून ठेवलेल्या चित्रांचा) किंवा मेटाडेटाचा (उपकरणाचं चित्र आणि नाव सांगणाऱ्या माहितीचा) निघतो. स्थितीचा प्रश्न एखाद्या सर्व्हिसचा (विंडोजमध्ये पडद्याआड चालणाऱ्या प्रोग्रॅमचा) किंवा ड्रायव्हरचा असतो. नसलेलं उपकरण दिसत असेल तर एक्सप्लोररपर्यंत, म्हणजे फोल्डर आणि टास्कबार दाखवणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत, बदलाची बातमी पोहोचलेली नसते.

‘बातमी पोहोचलेली नसते’ म्हणजे काय?

यूएसबीला काही जोडलं किंवा काढलं की सर्वात आधी ते पोर्टच्या कंट्रोलरला कळतं. तिथून विंडोजच्या प्लग अँड प्ले व्यवस्थेला आणि तिच्याकडून चालू असलेल्या प्रोग्रॅमना ‘उपकरणांत बदल झाला’ असा संदेश जातो. ‘धिस पीसी’ची खिडकी, टास्कबारचा कोपरा आणि डिव्हाइस मॅनेजर (सगळ्या उपकरणांची यादी दाखवणारी विंडोजची खिडकी) हे सगळे आपापला संदेश ऐकतात आणि आपापलं चित्र बदलतात. एखाद्याचा संदेश चुकला, किंवा तो आला तेव्हा प्रोग्रॅम अडकलेला होता, तर तेवढं एक चित्र जुनं राहतं. त्यामुळे डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्ह नाही पण ‘धिस पीसी’मध्ये आहे, असं दिसू शकतं. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरवर विश्वास ठेवा, कारण तो या साखळीत हार्डवेअरच्या जास्त जवळ आहे.

एफ५ दाबून काही होतं का?

होतं, आणि पहिला उपाय तोच. खिडकीवर एकदा क्लिक करून एफ५ दाबा. त्याने ती खिडकी नव्याने यादी मागवते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये याच्या जोडीला ‘ॲक्शन’ मेनूतलं ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’ आहे. ते नुसतं चित्र ताजं करत नाही, हार्डवेअरलाच पुन्हा विचारतं.

डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ‘रिफ्रेश’ मारत बसायची सवय अनेकांना असते. त्याने डेस्कटॉप ताजा होतो, कोपऱ्यातला प्रिंटर किंवा बॅटरी नाही.

मग पुढची पायरी?

विंडोज एक्सप्लोरर रीस्टार्ट करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. यादीत ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधा, राइट क्लिक करा, ‘रीस्टार्ट’ म्हणा. टास्कबार क्षणभर नाहीसा होऊन परत येईल. उघडी असलेली फोल्डरं बंद होतील, पण वर्ड किंवा ब्राउझरमधल्या कामाला धक्का लागत नाही. टास्कबार, डेस्कटॉप आणि ‘धिस पीसी’ या तिन्हींचं चित्र एक्सप्लोररच काढत असल्यामुळे निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

रोज रात्री कॉम्प्युटर बंद करतो. तरी सकाळी तोच जुना आयकॉन कसा?

कारण तो पूर्ण बंद होतच नाही. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. त्यात शट डाउन केल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजच्या गाभ्याची आणि ड्रायव्हरची तेव्हाची अवस्था डिस्कवर जतन करून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. कॉम्प्युटर लवकर सुरू होतो तो यामुळे. पण ड्रायव्हर अडकलेला असेल तर तोही तसाच परत येतो.

‘रीस्टार्ट’ मात्र सगळं पहिल्यापासून सुरू करतं. म्हणून ‘बंद करून चालू केलं’ असं कोणी म्हणालं की मी लगेच विचारतो, शट डाउन केलं की रीस्टार्ट? या एका प्रश्नाने वाचलेला वेळ पुष्कळ आहे. शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’वर क्लिक केलं तर तेवढ्यापुरतं पूर्ण बंद होतं. फास्ट स्टार्टअप कायमचंच नको असेल तर कंट्रोल पॅनेलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे त्याची खूण काढता येते.

आयकॉन कॅशे म्हणजे काय, आणि ती कशी पुसायची?

प्रत्येक आयकॉन दर वेळी मूळ फाइलमधून काढायला वेळ लागतो, म्हणून विंडोज एकदा काढलेली चित्रं साठवून ठेवतं. हा साठा बिघडला की चित्रं पांढरी पडतात, एकाच्या जागी दुसरं दिसतं, किंवा ड्राइव्हचा आयकॉन बदलूनही जुनाच राहतो. पुसला तरी काही बिघडत नाही, विंडोज तो पुन्हा बनवतं.

अडचण अशी की एक्सप्लोरर चालू असताना या फाइल त्याच्या ताब्यात असतात. कमांड न वापरता करायचं असेल तर असं करा:

१. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये लपलेल्या गोष्टी दिसतील अशी खूण करा, कारण ‘ॲपडेटा’ फोल्डर लपलेलं असतं.
२. उघडी कामं सेव्ह करा. टास्क मॅनेजर उघडून ‘विंडोज एक्सप्लोरर’वर ‘एंड टास्क’ करा. डेस्कटॉप आणि टास्कबार दोन्ही जातील, उरेल फक्त टास्क मॅनेजर. घाबरू नका, हे असंच होतं.
३. टास्क मॅनेजरमध्ये ‘रन न्यू टास्क’ आणि मग ‘ब्राउझ’ दाबा. फाइल निवडायची छोटी खिडकी उघडेल. खाली फाइलचा प्रकार ‘ऑल फाइल्स’ करा.
४. सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं नाव, ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, एक्सप्लोरर या वाटेने जा. इथे ‘आयकॉनकॅशे’ने सुरू होणाऱ्या फाइल दिसतील, बऱ्याचजणींच्या नावात चित्राचा आकार. त्या निवडून डिलीट करा. एखादी ‘वापरात आहे’ म्हणून नकार देईल, ती सोडून द्या.
५. खिडकी बंद करा आणि ‘रन न्यू टास्क’च्या रकान्यात एक्सप्लोरर हे नाव इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर मारा. टास्कबार परत येईल. मग एकदा रीस्टार्ट.

त्याच फोल्डरमध्ये ‘थंबकॅशे’ने सुरू होणाऱ्या फाइलही असतात. त्या फोटोंच्या छोट्या चित्रांच्या, त्यांचा इथे संबंध नाही. सेटिंग्जमधल्या स्टोरेजच्या सफाईत ‘थंबनेल्स’ला खूण करून हा प्रश्न सुटत नाही तो यामुळेच.

पेन ड्राइव्हला भलताच आयकॉन दिसतो. व्हायरस आहे का?

असेलच असं नाही. ड्राइव्हच्या मुळाशी ‘ऑटोरन’ नावाची छोटी फाइल असते किंवा नसते. असली तर तिच्यात आयकॉन आणि नाव लिहिता येतं, आणि विंडोज ते मान्य करतं. पेन ड्राइव्हवरून प्रोग्रॅम आपोआप सुरू होणं विंडोज ७ पासून बंद झालं, पण आयकॉन आणि नावाची मुभा राहिली. काही कंपन्या ड्राइव्ह विकतानाच ही फाइल घालून देतात.

तुम्ही ही फाइल काढली तरी चित्र तेच राहिलं तर ड्राइव्ह काढून पुन्हा लावा आणि नंतर वरची कॅशे पुसा. फाइल तुम्ही ठेवलेली नसेल आणि ड्राइव्हवर फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले असतील, तर मात्र आधी अँटिव्हायरसने तपासणी. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका.

ड्राइव्ह काढला तरी ‘धिस पीसी’मध्ये दिसतोय. काय करायचं?

आधी एफ५, मग एक्सप्लोरर रीस्टार्ट. तरीही दिसत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’ मेनूतून ‘शो हिडन डिव्हाइसेस’ करून बघा. फिकट आयकॉन म्हणजे ‘पूर्वी जोडलं होतं, आता नाही’. अशा नोंदी प्रत्येक कॉम्प्युटरवर ढिगाने असतात आणि निरुपद्रवी असतात. एखाद्याच उपकरणाचा गोंधळ असेल तर त्याची फिकट नोंद ‘अनइन्स्टॉल’ करायला हरकत नाही, पुढच्या वेळी लावल्यावर ती नव्याने तयार होईल. दिसली फिकट नोंद की पूस, असं मात्र करू नका. त्याने वेग वाढत नाही.

‘सेफली रिमूव्ह’चा आयकॉन कधी दिसतो, कधी नाही. न वापरता ड्राइव्ह ओढला तर?

तो आयकॉन बहुतेक वेळा टास्कबारवरच्या वरच्या बाणाआड लपलेला असतो. टास्कबारच्या सेटिंग्जमधून कायम बाहेर ठेवता येतो.

विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून (२०१८) बाहेरच्या ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ ही पद्धत ठरवून दिलेली आहे. तिच्यात लिहायची माहिती मेमरीत अडवून ठेवली जात नाही, त्यामुळे कॉपी पूर्ण झाल्यावर ड्राइव्ह काढला तर सहसा नुकसान होत नाही. ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडलेलं असेल तर हे लागू नाही. ते तपासायला डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्क ड्राइव्हज’खाली तुमचा ड्राइव्ह, त्याच्या प्रॉपर्टीज, आणि तिथला ‘पॉलिसीज’ टॅब बघा.

माझं मत विचाराल तर जुन्या फोटोंची हार्ड डिस्क असेल तर दोन सेकंद खर्च करून ‘इजेक्ट’ करावंच.

‘इजेक्ट’ केलं तर ‘उपकरण वापरात आहे’ म्हणतो. कोण वापरतंय ते कळेल?

कळतं, आणि ही जागा फार कमी लोकांना माहीत आहे. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ (विंडोजच्या घडामोडींची नोंदवही) उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मधल्या ‘सिस्टिम’वर जा. ‘कर्नल-पीएनपी’ या स्रोताची २२५ क्रमांकाची नोंद शोधा. तिच्यात कुठल्या प्रोग्रॅमने उपकरण काढायला अडवलं त्याचा पूर्ण पत्ता आणि प्रोसेस क्रमांक असतो. अँटिव्हायरस, शोधाची अनुक्रमणिका बनवणारी सर्व्हिस, किंवा त्या ड्राइव्हवरचा फोटो उघडा ठेवलेला एखादा प्रोग्रॅम, बहुतेक वेळा गुन्हेगार यांतलाच निघतो.

‘सेफली रिमूव्ह’च्या यादीत आतली हार्ड डिस्क दिसते. चुकून काढली जाईल का?

मदरबोर्डवरचं ते साटा पोर्ट (आतली डिस्क जोडायची जागा) ‘हॉट प्लग’, म्हणजे चालू असताना काढता येणारं, असं जाहीर झालेलं असतं. विंडोज बिचारं त्यावर विश्वास ठेवतं. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) त्या पोर्टचं ‘हॉट प्लग’ बंद केलं की यादीतून जातं. ज्या डिस्कवर विंडोज आहे तिला इजेक्ट करायला विंडोज तयारच होत नाही, त्यामुळे तेवढी चिंता नको.

पूर्वी ‘डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स’मध्ये माझ्या प्रिंटरचं हुबेहूब चित्र यायचं. आता साधा डबा येतो. काय बिघडलं?

हे थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण बिघाड तुमच्या कॉम्प्युटरवर नसण्याची शक्यता मोठी आहे.

विंडोज ७ बरोबर, म्हणजे २००९ मध्ये, ‘डिव्हाइस मेटाडेटा’ आला. प्रिंटर, कॅमेरा, माउस बनवणारी कंपनी आपल्या उपकरणाचं चित्र, नाव आणि वर्णन एका छोट्या पॅकेजमध्ये मायक्रोसॉफ्टकडे द्यायची. तुम्ही उपकरण जोडलं की विंडोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारायचं, ‘या उपकरणाचं पॅकेज आहे का?’ असेल तर उतरवून चित्र लावायचं, नसेल तर त्या वर्गाचं सर्वसाधारण चित्र.

या साखळीत चित्र अडकायच्या जागा बऱ्याच होत्या. एक, सेटिंग बंद असणं. ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’ असं स्टार्टमध्ये शोधलं की एकच प्रश्न विचारणारी खिडकी येते: उत्पादकांची ॲप आणि खास आयकॉन आपोआप उतरवायचे का? तिथे ‘नो’ असेल तर चित्र येणार नाही. दोन, ऑफिसचा कॉम्प्युटर. तिथे ग्रुप पॉलिसीने (ऑफिसने सगळ्या कॉम्प्युटरना लावलेल्या नियमांनी) मेटाडेटा इंटरनेटवरून आणायला बंदी केलेली असू शकते, आणि ती तुमच्या सेटिंगच्या वर चालते. तीन, ‘मीटर्ड’ कनेक्शन. डेटा वाचवण्यासाठी विंडोज तेव्हा ड्रायव्हर आणि उपकरणांचं सॉफ्टवेअर उतरवत नाही. सेटिंग्जमध्ये उपकरणांच्या पानावर तशी परवानगी देता येते. चार, ‘डिव्हाइस सेटअप मॅनेजर’ ही सर्व्हिस बंद केलेली असणं. ‘विंडोज हलकं करा’ छापाचे सल्ले पाळणाऱ्यांकडे हे हमखास सापडतं.

आता मुख्य मुद्दा. ही सगळी मेटाडेटाची व्यवस्थाच मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये मोडीत काढायचं जाहीर केलं. यापुढे उत्पादकाने ही माहिती ड्रायव्हरच्या पॅकेजमध्येच द्यावी अशी अपेक्षा आहे. म्हणजे जुन्या उपकरणाचं हुबेहूब चित्र परत येईल अशी आशा धरून तासन्‌तास घालवण्यात अर्थ नाही. उत्पादकाच्या साइटवरून नवा ड्रायव्हर टाकून बघा. आलं तर आलं. शिवाय विंडोज ११ मध्ये ‘डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स’चा दुवाच सेटिंग्जच्या पानाकडे वळवला आहे, आणि तिथे साधीच चिन्हं आहेत.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १३१ क्रमांकाच्या लाल नोंदी ढिगाने दिसतात. धोका आहे का?

‘डिव्हाइससेटअपमॅनेजर’च्या ‘ॲडमिन’ लॉगमधल्या १३१ क्रमांकाच्या नोंदीचा मजकूर ‘मेटाडेटा स्टेजिंग फेल्ड’ असा असतो. म्हणजे वर सांगितलेलं चित्राचं पॅकेज आणता आलं नाही, एवढंच. उपकरण चालत असेल तर दुर्लक्ष करा. कॉम्प्युटर अडकतो किंवा गेम बंद पडतो तेव्हा लोक लॉग उघडतात, ही लाल रांग बघतात आणि हिलाच दोष देतात. कारण दुसरीकडे असतं.

एकाच प्रिंटरचे किंवा हेडसेटचे दोन-तीन आयकॉन का?

प्रिंटर-स्कॅनर आपल्या दृष्टीने एक, विंडोजच्या दृष्टीने तीन उपकरणं: छापणारं, स्कॅन करणारं आणि कधी कार्ड वाचणारं. विंडोज ७ पासून या सगळ्यांना ‘कंटेनर आयडी’ देऊन एका आयकॉनखाली बांधलं जातं. उपकरणाने किंवा ड्रायव्हरने तो आयडी नीट दिला नाही तर बांधणी सुटते आणि तुकडे वेगवेगळे दिसतात. उलटही होतं. यूएसबीचा वेबकॅम ‘मी काढता येणारा नाही’ असं सांगत असेल तर त्याला वेगळा आयकॉनच मिळत नाही, तो कॉम्प्युटरच्या आयकॉनमध्ये मिसळतो.

एकच प्रिंटर यूएसबी आणि वाय-फाय दोन्हीने जोडला असेल तर दोन आयकॉन येणं स्वाभाविक आहे. वापरात नसलेला काढून टाका.

तेच उपकरण दुसऱ्या पोर्टला लावलं की नवीन म्हणून येतं, पुढे ‘कॉपी १’ लागतं. असं का?

त्या उपकरणाला सीरियल नंबर नाही. यूएसबीमध्ये उपकरणाने स्वतःचा सीरियल नंबर सांगितला तर विंडोज त्याला कुठल्याही पोर्टवर ओळखतं. नाही सांगितला तर ‘अमुक पोर्टवरचं तमुक उपकरण’ अशी ओळख तयार होते. पोर्ट बदललं की ओळख बदलली, नवी नोंद, नवा आयकॉन. जुना आयकॉन ऑफलाइन होऊन बसतो आणि छपाई अजून त्याच्याकडेच जात राहते. सोपा इलाज: त्या प्रिंटरसाठी एक पोर्ट ठरवा आणि केबल तिथून हलवू नका.

डिव्हाइस मॅनेजरमधल्या छोट्या खुणांचा अर्थ?

पिवळ्या त्रिकोणातलं उद्गारचिन्ह म्हणजे अडचण, खाली बघणारा बाण म्हणजे कोणीतरी उपकरण बंद करून ठेवलंय, फिकट म्हणजे जोडलेलं नाही. खरी माहिती प्रॉपर्टीजमधल्या कोडमध्ये असते. २२ म्हणजे बंद केलेलं. २८ म्हणजे ड्रायव्हर नाही. ४३ म्हणजे उपकरणानेच बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवलं. ४५ म्हणजे सध्या जोडलेलं नाही.

४७ गमतीचा आहे. तुम्ही ‘इजेक्ट’ केलं पण ड्राइव्ह उपसला नाही. आता तो दिसतही नाही आणि चालतही नाही. काढून पुन्हा लावा, झालं.

प्रिंटर चालू आहे, नेटवर्कवर आहे, तरी आयकॉन ऑफलाइन.

प्रिंटरची रांग उघडून ‘प्रिंटर’ मेनूत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’ला खूण आहे का बघा. असेल तर काढा.

नसेल, आणि प्रिंटर नेटवर्कचा असेल, तर पोर्टच्या सेटिंग्जमध्ये जा: प्रिंटर प्रॉपर्टीज, ‘पोर्ट्स’, ‘कॉन्फिगर पोर्ट’. तिथे ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ असा चौकोन असतो. विंडोज याच मार्गाने प्रिंटरला ‘आहेस का?’ विचारतं. प्रिंटर या भाषेत उत्तर देत नसेल किंवा मध्ये काही अडवत असेल, तर प्रिंटर चालू असूनही विंडोज त्याला मेलेला समजतं. खूण काढा, आयकॉन बहुतेक वेळा लगेच उजळतो. तोटा एवढाच की कागद संपल्याची सूचना कदाचित कॉम्प्युटरवर येणार नाही.

राउटरने प्रिंटरला नवा आयपी पत्ता दिला असेल तर मात्र आयकॉन खरंच बोलतोय: जुन्या पत्त्यावर कोणी नाही. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता पक्का करून टाका.

मी ठरवलेल्या डीफॉल्ट प्रिंटरवरची हिरवी खूण आपोआप दुसऱ्यावर जाते.

सेटिंग्जच्या प्रिंटर पानावर ‘लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर’ बंद करा. ते चालू असताना शेवटी वापरलेला प्रिंटर डीफॉल्ट होतो.

नेट चालतं, पण आयकॉन ‘नो इंटरनेट’ दाखवतो.

विंडोज स्वतः एक छोटी परीक्षा घेतं. मायक्रोसॉफ्टच्या ठरलेल्या पत्त्यावरून एक मजकूर फाइल मागवतं, तिच्यात ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढेच शब्द असतात. ते जसेच्या तसे आले तर इंटरनेट आहे. व्हीपीएन, प्रॉक्सी, कडक फायरवॉल किंवा जाहिराती अडवणारा डीएनएस यांनी तो पत्ता अडवला तर बाकी सगळं चालूनही परीक्षेत नापास. आधी व्हीपीएन बंद करून बघा, मग जाहिरात-अडवणाऱ्याच्या यादीत त्या पत्त्याला मोकळीक द्या. नेटवर्क ड्रायव्हर बदलून इथे फरक पडत नाही.

काही प्रोग्रॅम विंडोजच्या याच निकालावर विश्वास ठेवून ‘तुम्ही ऑफलाइन आहात’ म्हणतात. म्हणून हा आयकॉन दुरुस्त करण्यासारखा आहे.

बॅटरीचा आयकॉन अडकलाय. चार्जर लावला तरी बदलत नाही.

टक्केवारी ८० च्या आसपास थांबत असेल तर बिघाड नसेलच. अनेक लॅपटॉपमध्ये बॅटरीचं आयुष्य वाढवायला चार्जिंग तिथेच थांबवायची सोय असते, ती उत्पादकाच्या ॲपमध्ये किंवा बायॉसमध्ये सापडेल.

आयकॉन खरंच अडकला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘बॅटरीज’ उघडा. ‘मायक्रोसॉफ्ट एसीपीआय-कंप्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी’ ही नोंद अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट करा. नाव भारदस्त असलं तरी ड्रायव्हर विंडोजचाच आहे, आपोआप परत बसतो. तरीही फरक नसेल तर बायॉसचं अपडेट बघा, कारण बॅटरीची माहिती विंडोजला तिथूनच मिळते.

स्पीकरवर लाल फुली आहे आणि आवाजही नाही.

‘सर्व्हिसेस’मध्ये ‘विंडोज ऑडिओ’ आणि ‘विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर’ या दोन्ही चालू आहेत का बघा. जॅकमध्ये हेडफोन आहे की नाही हे सांगणारी नोंद दुसऱ्या सर्व्हिसकडे असते, ती थांबली की पहिलीही उभी राहत नाही.

ब्लूटूथ हेडफोन भलत्याच उपकरणाच्या चित्राने का दिसतो?

ब्लूटूथ उपकरण जोडताना स्वतःचा वर्ग सांगतं. जुन्या पद्धतीत २४ बिटचा एक आकडा असतो, लो एनर्जीत ‘अपीअरन्स’ नावाचा १६ बिटचा. बनवणाऱ्याने तो चुकीचा भरला तर चित्रही चुकीचं. यात तुम्हाला काही करता येण्यासारखं फारसं नाही. उपकरण काढून पुन्हा पेअर करा आणि त्याचं फर्मवेअर अपडेट आहे का बघा. आवाज नीट येत असेल तर सोडून द्या.

मॅप केलेल्या नेटवर्क ड्राइव्हवर लाल फुली, पण उघडला तर उघडतो.

न वापरलेलं कनेक्शन विंडोजचा सर्व्हर ठरावीक वेळाने सोडतो, मूळ सेटिंगमध्ये १५ मिनिटांनी. फुली त्याचीच. डबल क्लिक केलं की कनेक्शन पुन्हा जुळतं. सकाळी लॉगिनच्या वेळी नेटवर्क उशिरा जागं झालं तरी हीच फुली दिसते.

डीव्हीडी बदलली तरी जुनीच्याच नावाने आयकॉन दिसतो.

डिस्क बदलल्याची सूचना बंद झालेली असते. कधीकाळी ‘ऑटोरन बंद करा’ म्हणून रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) सीडी-रॉमच्या नोंदीत शून्य घातलेलं असेल तर हा परिणाम होतो. तिथे पुन्हा १ करून रीस्टार्ट केलं की जमतं. रजिस्ट्रीत हात घालायचा नसेल तर दर वेळी एफ५.

ड्रायव्हर अपडेटर किंवा रजिस्ट्री क्लीनर वापरू का?

नको.

मॅकवर आणि लिनक्सवर?

मॅकवर ऑप्शन, कमांड आणि एस्केप दाबून ‘फाइंडर’ निवडा आणि ‘रीलाँच’ म्हणा. डिस्कचा वेगळा आयकॉन त्या डिस्कवरच लपलेल्या फाइलमध्ये असतो, म्हणून तो डिस्कबरोबर दुसऱ्या मॅकवरही जातो. ‘गेट इन्फो’मध्ये वरच्या छोट्या चित्रावर क्लिक करून डिलीट दाबलं की मूळचा परत येतो.

लिनक्सवर उपकरण ओळखायचं काम यूडेव्ह करतं आणि चित्र आयकॉन थीम पुरवते. थीम बदलल्यावर चित्रं गायब झाली तर त्या थीमची कॅशे नव्याने बनवा. थीमच बदलून बघितली तर दोष कोणाचा ते लगेच कळतं.

हे सगळं करूनही आयकॉन येतो-जातो. आता?

आयकॉन अडकून राहणं आणि येत-जात राहणं यात मोठा फरक आहे. सारखा येत-जात असेल, सोबत जोडल्या-तुटल्याचा टुंग आवाज वाजत असेल, तर आयकॉन खरंच सांगतोय ते ऐका. उपकरण खरोखर तुटतंय आणि जोडलं जातंय. दुसरी केबल लावा. हब मधून काढून थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा. बाहेरची हार्ड डिस्क असेल तर डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला लावून बघा, पुढचे पोर्ट आतल्या वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात आणि तिथे जोड सैल होऊ शकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबवर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची परवानगी असेल तर ती काढा. मग तीच डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावा. तिथेही तुटत असेल तर दुरुस्तीच्या आधी तिच्यातला डेटा दुसरीकडे कॉपी करून घ्या, ती अजून दिसतेय तोवर.